फणसे वकिलांचं अर्थिंग

पोलादपुरात फणसे वकिलांच्या घरी कुणी गेलं, की आधी त्याला ओटीवरून आत नेऊन वेताच्या खुर्चीत बसवलं जाई. मग वकील हात वर करून त्याला गप्प करत, मान किंचित डावीकडे कलती करत आणि विचारत, "सांगा, काय ऐकू येत नाही?"

माणूस गोंधळे. काय ऐकू येतं ते सांगणं सोपं असतं. काय ऐकू येत नाही हे सांगायला सुरुवात कुठून करायची? पण गावातली बहुतेक मंडळी एक-दोन भेटींत शहाणी झाली होती. "हमिंग ऐकू येत नाही, वकीलसाहेब," असं म्हटलं की वकील डोळे मिटून समाधानाने मान हलवत आणि आतून चहा येई. खरं तर हमिंग, म्हणजे रेकॉर्डच्या गाण्यामागची घरघर, चांगलं स्पष्ट ऐकू येई. ओटीवर चपला काढतानासुद्धा येई. पण निम्म्या गावाचे बांधाचे नाहीतर वाटणीचे दावे महाडच्या कोर्टात त्यांच्याकडे होते, आणि उरलेल्या निम्म्याचे पुढेमागे व्हायचे होते. तारीख पडलेल्या माणसाचे कान वकिलाच्या मर्जीने चालतात.

मी त्या वेळी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या मध्याला, पोलादपूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. वकिलांचं घर टेकाडावर होतं आणि टेकाडाचा उतार संपतो तिथे आमची बौद्धवाडी. मध्ये करवंदीच्या जाळ्या आणि एक पायवाट. संध्याकाळी वारा पडला की वरून संगीत खाली येई आणि संगीताच्या आधी त्याची घूंऽऽ येई.

वकील अंगाने काटकुळे, नाकाने धारदार. पांढरा शर्ट, काळा कोट आणि हातात कागदपत्रांची कापडी पिशवी घेऊन रोज सकाळी एस.टी.ने महाडला जात. कोर्टात ते हळू बोलत. घरी आले की जोरात बोलत, कारण घरात त्यांना उलटतपासणीची भीती नव्हती. त्यांचा दिवाणखाना म्हणजे सागवानी स्टुलावर ठेवलेला एक उघडा पत्र्याचा डबा आणि त्याच्याभोवती उरलेलं घर. डब्यावर काचेचे व्हॉल्व्ह लालसर पेटलेले असत. रेकॉर्डचा आवाज मोठा करणारा हा अँप्लिफायर त्यांनी स्वतः बांधला होता. एव्हाना सगळ्या जगाने ट्रान्झिस्टर जवळ केले होते आणि व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले होते. म्हणूनच वकिलांना व्हॉल्व्ह हवे होते. "ट्रान्झिस्टर गातो, पण श्वास घेत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना स्वतः ते एक दीर्घ श्वास घेत. देवघरातला विजेचा प्लग त्यांनी या डब्यासाठी काढून घेतला होता आणि देवांना तेलाच्या दिव्यावर सोडलं होतं.

गावात त्यांची ओळख पुरोगामी वकील अशी होती. दरवर्षी जयंतीला आमच्या वाडीत सभा होई, तिला ते आवर्जून येत. व्यासपीठावर चढल्यावर पहिली पाच मिनिटं लाउडस्पीकरवाल्याला झापण्यात जात. "हे हमिंग बंद करा आधी! समतेच्या विचारात असली घरघर चालणार नाही!" मग ते महाडच्या चवदार तळ्यावर येत. पाणी, माणूस, न्याय, ओंजळ. ओंजळ म्हणताना दोन्ही हात पुढे करत. तळ्याच्या पाण्यावर वकील अर्धा तास सहज बोलत आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आणत. सभा संपली की आमच्या विहिरीला वळसा घालून, करवंदीतून काट्यांत कोट सोडवत वर जात. सरळ वाट विहिरीवरून जाते. ती त्यांना चढाची वाटे.

तर त्या हमिंगबद्दल. ते आहे, हे वकिलांनी बरीच वर्षं मान्यच केलं नव्हतं. पुरावा कुठे आहे, असं ते विचारत. पुरावा कुडपणहून आला.

कुडपणचे शेलार म्हणून त्यांचे एक अशील होते. पठारावरचा शेतकरी माणूस, बांधाच्या दाव्यासाठी डोंगर उतरून यायचा. येताना नाचणीची पिशवी आणायचा. वकिलांनी त्याला खुर्चीत बसवलं, रेकॉर्ड लावली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. शेलारांनी बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग उठले आणि डब्याभोवती वाकून बघू लागले.

"काय झालं?" वकील म्हणाले.

"वकीलसाब, आत भुंगा आडकलाय वो. सोडवा त्याला, नायतर मरंल."

"कसला भुंगा?"

"ह्यो काय, घूं घूं करतोय. आमच्याकडं वाशात शिरतो ना, तसाच हाय. काळा असंल."

वकिलांनी डबा उलटा करून दाखवला. भुंगा नव्हता. शेलार म्हणाले, "मंग उडाला असंल." पण आवाज चालूच होता, तेव्हा ते पुन्हा खाली वाकले. ज्याला काही लपवायचं नाही अशा माणसाच्या साक्षीला उत्तर नसतं, हे वकिलांना धंद्यामुळे ठाऊक होतं. शेलारांच्या दाव्याला त्या खेपेला पावसाळ्यानंतरची तारीख मिळाली. योगायोग असेल.

त्या दिवसापासून फणसे वकिलांनी हमिंगवर खटला भरला. डब्यावर चार व्हॉल्व्ह होते, म्हणजे चार संशयित. एक लहान, रेकॉर्डवरचा बारीक आवाज उचलणारा. दोन मोठे, तो आवाज फुगवून स्पीकरला पोचवणारे. चौथा घरातल्या विजेला वळण लावणारा. या चौघांपैकी कुणीतरी गुन्हेगार आहे आणि तो बदलला की न्याय होईल, असं त्यांनी ठरवलं. वीज, तारा, जोडणी यांचा विचार करायची त्यांना गरज वाटली नाही, कारण जोडणी त्यांनी स्वतः केली होती.

मुंबईला कामासाठी गेले की ते जुन्या बाजारातून व्हॉल्व्ह आणत. त्यांची पारख ऐकण्यासारखी होती. इंग्रजी व्हॉल्व्ह सभ्य, पण जरा थंड. हॉलंडचा हिशेबी. रशियाचा दणकट, नाजूक ठुमरीलासुद्धा कवायत करायला लावणारा. आणि देशी व्हॉल्व्ह, त्यांच्या मते, सरकारी नोकरीतला. गरम होतो, काम करत नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह ते उजेडासमोर धरून आतला चकाकता थर बघत, मग पेटवून त्याच्यावर पेन्सिलीने टिचकी मारत. स्पीकरमधून टण् आवाज आला तर म्हणत, "हलक्या कानाचा आहे. बाद." ही परीक्षा मात्र बरोबर होती, हे मी विज्ञान शिक्षक म्हणून मान्य करतो. फक्त तिचा हमिंगशी काही संबंध नव्हता.

व्हॉल्व्ह निवडताना साक्षीला त्यांच्या पत्नी असत. सगळं गाव त्यांना वहिनी म्हणायचं. वकील एक व्हॉल्व्ह लावून वाजवत, मग काढून दुसरा लावत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडत, "कुठला बरा?"

"पहिला!" आतून उत्तर येई.

वर्षभर हे चाललं. एकदा वकिलांनी दुसरा व्हॉल्व्ह अजून लावलाही नव्हता, नुसताच घसा खाकरला, तेवढ्यात आतून "पहिलाच बरा होता" असं आलं. वकील कौतुकाने मला म्हणाले, "बघा मास्तर, हिचा कान उपजत आहे." वहिनी नंतर चहा घेऊन आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "दुसरा म्हटलं की तिसरा आणतात हो."

एका इंग्रजी व्हॉल्व्हची गोष्ट तर गावभर झाली. तो वकिलांनी मुंबईहून थर्मासमध्ये कापूस भरून त्यात ठेवून आणला. एस.टी.त थर्मास छातीशी धरून बसले होते. माणगावला शेजारच्या बाईने आपल्या मुलासाठी घोटभर चहा मागितला. वकील म्हणाले, "चहा नाही. यात व्हॉल्व्ह आहे. इंग्लंडचा."

बाईने मुलाला जवळ ओढलं. मागच्या बाकावरचा एकजण मुंबईत इस्पितळात वॉर्डबॉय होता, त्याला व्हॉल्व्ह म्हणजे काय ते बरोबर माहीत होतं. त्याने पुढे वाकून विचारलं, "कोणासाठी, साहेब?"

"घरीच आहे," वकील म्हणाले. "सारखी घरघर असते. थांबतच नाही."

"अरेरे. छातीत?"

"आत कुठेतरी. बरेच बदलले, गुण नाही."

बातमी कंडक्टरपर्यंत गेली, कंडक्टरने ड्रायव्हरला सांगितली. ड्रायव्हरने पुढचा सगळा रस्ता खड्डे चुकवत गाडी काढली. वकिलांना पुढच्या सीटवर जागा मिळाली. महाडला गाडी लागली तेव्हा एका म्हातारीने थर्मासला हात लावून नमस्कार केला. तोवर वकिलांच्या ध्यानात सगळा प्रकार आला होता, पण समोरचा स्वतःहून चुकत असेल तर वकिलाने त्याला थांबवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी विचारपूस करायला चार माणसं वर गेली, तेव्हा वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. "व्हॉल्व्ह बसवला का?" एकाने दबकत विचारलं. वहिनी म्हणाल्या, "बसवला. घरघर आहे तशीच आहे."

सगळे व्हॉल्व्ह बदलून झाल्यावर ते माझ्याकडे आले. शाळेच्या प्रयोगशाळेत वीज मोजायचं एक मीटर होतं. "मास्तर, मीटर घेऊन या," ते म्हणाले आणि मग आठवून, "तुम्हीही या."

मी रविवारी गेलो. वहिनींनी चहा आणला. वकिलांनी उठून पुढचं दार सताड उघडलं, खिडकीची झडपही वर केली. मला वाटलं, उकडत असेल. पण दर रविवारी हेच होऊ लागलं, तेव्हा कळलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला बौद्धवाडीचे मोरे मास्तर फणसे वकिलांच्या दिवाणखान्यात बसून त्यांच्याच कपातून चहा पिताना दिसले पाहिजेत. माझ्या चहाला साक्षीदार लागत.

आम्ही पद्धतशीर सुरुवात केली. आवाजाचं बटण पूर्ण बंद केलं की हमिंग जवळजवळ जाई, वाढवलं की वाढे. म्हणजे ते मोठ्या व्हॉल्व्हांमधून येत नव्हतं, पुढच्या बाजूने शिरत होतं. मोठ्या व्हॉल्व्हांची निर्दोष सुटका झाली. वकिलांना ती जड गेली, कारण त्यांच्या बदली आणलेले सहा व्हॉल्व्ह कपाटात होते. वीज गाळून घेणारा जुना कंडेन्सर वाळला होता, तो बदलला. व्हॉल्व्ह पेटवणाऱ्या तारा सैल पसरल्या होत्या, त्यांना एकमेकींभोवती घट्ट पीळ द्यायला हवा होता. वकिलांनी वहिनींना बोलावलं. "हिला वेणीचा हात आहे." वहिनींनी पदर खोचला आणि ओठ घट्ट मिटून तारांची वेणी घातली. इतकी सुबक की डब्यात तेवढीच एक गोष्ट बघण्यासारखी होती.

हमिंग कमी झालं, पण गेलं नाही. मी डबा जरा सरकवावा म्हणून त्याच्या पत्र्यावर हात ठेवला आणि घरात एकदम शांतता झाली. मलाच दचकायला झालं. रेकॉर्डवर तानपुरा होता, त्याच्या तारा एकेक वेगळ्या ऐकू येऊ लागल्या. हात काढला, घूं सुरू. हात ठेवला, बंद.

"काढू नका!" वकील ओरडले. "मास्तर, हात काढू नका!"

वकील खुर्चीत जाऊन बसले, डोळे मिटले आणि रेकॉर्डची एक अख्खी बाजू ऐकली. मी डब्यावर हात ठेवून उभा. हाताला बारीक झिणझिण्या येत होत्या. आमच्या वाडवडिलांच्या स्पर्शाने काय काय बाटतं, हे या पंचक्रोशीने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं होतं. आमच्या स्पर्शाने काही शुद्ध झाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दार उघडंच होतं, पण त्या वेळी रस्त्यावर नेमकं कुणी नव्हतं.

बाजू संपल्यावर मी म्हणालो, "वकीलसाहेब, हे व्हॉल्व्हचं काम नाही. तुमच्या डब्याला अर्थिंग नाही. जमिनीशी त्याचा कुठे संबंधच नाही. माझ्या अंगातून तो थोडा जमिनीला टेकतो, म्हणून गप्प बसतो. ओल्या जमिनीत तांब्याचा पत्रा पुरा, तिथून डब्याला तार आणा."

"एवढंच?" वकील म्हणाले. त्यांचा जरा अपेक्षाभंग झाला.

ते एवढंच नव्हतं. टेकाड कातळाचं. अंगणात खड्डा खणला तर गुडघाभर खाली पहार ठणठण वाजू लागली. त्यात पत्रा ठेवला, मीठ घातलं, कोळसा घातला. पावसाळ्यात हमिंग निम्मं झालं, फाल्गुनात पुन्हा पूर्ववत. मग वकिलांनी खड्ड्यात पाणी ओतायला लावलं. त्यांची स्वतःची विहीर चैत्रात आटायची. घरचा गडी नदीवरून कावडीने पाणी आणायचा. आमच्या वाडीतून, आमच्या भरलेल्या विहिरीच्या काठावरून पुढे जायचा आणि नदी गाठायचा. येताना त्याच वाटेने धापा टाकत वर. आता त्याच्या खेपा वाढल्या. "माणसांना आंघोळीला एक कळशी आणि खड्ड्याला दोन," वहिनी म्हणायच्या. "खड्ड्याला साबण देऊ का, विचारा त्यांना."

एका संध्याकाळी वकील अंगणाच्या कडेला उभे राहून खाली बघत होते. आमच्या विहिरीच्या बाजूला बायकांच्या सांडलेल्या पाण्याने एक चौकोनी जागा बारमाही ओली असे. अळू माजलेलं असे तिथे.

"मास्तर," ते म्हणाले, "ती जागा कुणाची?"

"वाडीची."

"तुम्ही जरा विचाराल का?"

"तुम्हीच या," मी म्हणालो. "लोक तुम्हाला ओळखतात. दरवर्षी भाषण ऐकतात."

वकील आले. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात तारेचं भेंडोळं घेऊन आले. विहिरीवर यमुनाआत्या होती. नात्याने माझी चुलत आत्या. वाडीतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. वकिलांनी सगळं समजावून सांगितलं. पत्रा पुरायचा, तार न्यायची, कुणाला धोका नाही.

"आमच्या पान्यात करंट सोडनार काय वो?" आत्याने विचारलं.

"नाही हो, उलट..."

मी सांगितलं की पत्रा विहिरीत नाही, बाजूच्या ओलीत पुरायचा आहे आणि जोडणी मी स्वतः तपासून घेईन. आत्याने मान हलवली.

"मंग घाला की तार. माझं काय जातंय? पन एक सांगा वकीलसायब. तुमची हीर चैतात आटती. गडी तुमचा ह्या हिरीवरनं पुढं जातो नि नदीचं पानी आनतो. का वो? ह्या पान्याला काय झालंय?"

बायका घागरी टेकून उभ्या राहिल्या. वकिलांनी घसा साफ केला. ते म्हणाले, हा प्रश्न फार मूलभूत आहे. ते म्हणाले, त्यांच्या आईचं सोवळं कडक होतं, ती गेली पण घराची घडी तशीच राहिली. ते म्हणाले, व्यक्तिशः त्यांनी असलं काही कधी मानलं नाही, हे सर्वांना ठाऊकच आहे.

"ठाव हाय की," आत्या म्हणाली. "भाषनात सांगता ना तुमी. मंग हे घ्या." तिने बादलीतून तांब्या भरला आणि पुढे केला.

वकिलांनी तांब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग विहिरीपलीकडे, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. "मला डॉक्टरांनी उकळलेलंच पाणी सांगितलंय," ते म्हणाले.

"उकळून देव? चूल पेटलेलीच हाय."

एक पोरगी फिस्सकन हसली. वकिलांनी घड्याळ बघितलं, उद्या कोर्टात मोठं काम आहे म्हणाले आणि तारेचं भेंडोळं काखेत मारून निघाले. "पुन्हा येतो. नीट बसून बोलू." थोडक्यात, त्यांनी तारीख मागून घेतली. आत्याने तो तांब्या स्वतः पिऊन टाकला. मी शेजारीच उभा होतो. ती हसत नव्हती.

पुढचे काही दिवस वरून संगीत आलं नाही. मग एक दिवस भर सकाळी, बायकांची गर्दी असताना, वहिनी पायवाटेने खाली आल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. वकील महाडला गेले होते. वहिनींनी काही प्रस्तावना केली नाही. आत्याच्या हातातला पोहरा घेतला, ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं.

"तीस वर्षं वरून बघतेय हे पाणी," त्या म्हणाल्या. "नदीचं गढूळ गाळून गाळून माझी पातळं संपली."

आत्याने त्यांचा हंडा भरून दिला. विचारलं, "आन् वकीलसायबांना?"

"घरात आता हेच पाणी. मी लपवणार नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन." वहिनींनी हंडा डोक्यावर घेतला. "पण ते विचारायचे नाहीत हो. उत्तर माहीत असलेला प्रश्न वकील विचारत नाहीत."

आत्याने मला हाक मारली. "रे मास्तर, सांग तुझ्या वकिलाला, पुर म्हनावं तुझा पत्रा."

पत्रा पुरला, पायवाटेच्या कडेने तार वर गेली आणि डब्याला जोडली. हमिंग गेलं. खरोखर गेलं, स्पीकरला कान लावला तरी नाही. वकिलांनी जुना खड्डा बुजवला आणि समारंभ केला. कोर्टातले दोघं-तिघं, हेडमास्तर, मी, आणि माझ्या आग्रहावरून यमुनाआत्या. ती वेताच्या खुर्चीत ताठ बसली. रेकॉर्ड लागली. वकील एकेका व्हॉल्व्हचा देश सांगू लागले, मग त्यांनी स्वतः कशी चिकाटीने हमिंगची मुळं शोधली ते सांगू लागले. रेकॉर्ड अर्धी झाली. मग ते आत्यासमोर वाकले.

"बोला यमुनाबाई, काय ऐकू येत नाही?"

"तुमी बोलायचं थांबलात तर सांगते," आत्या म्हणाली.

हेडमास्तरांना ठसका लागला. वहिनी पाणी आणायला आत पळाल्या. तांब्या आणला, हेडमास्तर प्यायले, म्हणाले, "छान गोड पाणी आहे हो. नदीचं?" वहिनींनी वकिलांकडे बघितलं. वकिलांनी रेकॉर्ड उलटी केली आणि आवाज वाढवला.

त्या वर्षीच्या जयंतीला त्यांच्या भाषणात भर पडली. "बंधुभगिनींनो, माझ्या घराचं अर्थिंग या वाडीत आहे!" ते म्हणाले. टाळ्या पडल्या. माझ्यामागे बसलेली आत्या म्हणाली, "वाजवा रे पोरांनो, तारेला टाळ्या वाजवा." ओंजळ म्हणताना त्यांनी हात पुढे केले, नेहमीसारखेच, आणि परत जाताना करवंदीतून गेले. आमच्यातली काही तरुण मुलं म्हणाली, तार तोडून टाकू. आत्याने ती तोडू दिली नाही. "वहिनी येतात ना पान्याला," एवढंच म्हणाली.

अशी बरीच वर्षं गेली. घरोघर कॅसेट आल्या. आत्या गेली. वकिलांचे केस पांढरे झाले, दावे कमी झाले, व्हॉल्व्ह मिळेनासे झाले. मुलगा पुण्याला होता. वकील आणि वहिनी अखेर त्याच्याकडे राहायला गेले आणि घराला कुलूप लागलं. ते गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं.

मे महिना, टळटळीत दुपार, शाळेला सुट्टी. मी विहिरीकडे निघालो होतो. वाडीत सामसूम, सगळे घराघरात आडवे झालेले. वकील विहिरीवर उभे होते. महाडच्या गाडीने उतरून थेट आले असावेत. कोट अंगात, पिशवी पायाशी. उन्हाळ्यात पत्र्याभोवतालची जमीन सुकली की ते येऊन तिच्यावर पाणी ओतत, तेवढं आम्हाला माहीत होतं. त्यांनी पोहरा सोडला, हिसके देत वर ओढला, अर्धा अळवाच्या बुडात ओतला. मग आजूबाजूला बघितलं. रस्त्याकडे, घरांकडे, वर स्वतःच्या घराकडे. मी आंब्याच्या सावलीत होतो, त्यांना दिसलो नाही.

त्यांनी पोहरा काठावर टेकवला, खाली वाकले आणि एका हाताने तो कलता करून दुसऱ्या हाताच्या चुळक्याने पाणी प्यायले. घरी रोज तेच पाणी पीत होते, पण ते भांड्यातून, न विचारता. इथे ते तहानलेल्या माणसासारखे प्यायले. मध्ये थांबले, दम घेतला, पुन्हा प्यायले. सरळ झाले तेव्हा समोर मी.

मी सावलीतून पुढे आलो होतो.

"पाण्याची पातळी बघत होतो, मास्तर," ते म्हणाले.

"किती आहे?"

"आहे," ते म्हणाले. "भरपूर आहे."

त्यांची हनुवटी ओली होती आणि पांढऱ्या शर्टाची पुढची बाजू पोटापर्यंत भिजली होती. त्यांनी खाली बघितलं, पिशवी उचलली आणि त्या रणरणत्या उन्हात काळ्या कोटाची सगळी बटणं, वरपासून खालपर्यंत, एकेक करून लावली. मग टेकाड चढू लागले.